ताटीबाहेरचे दाजीबा

आमच्या प्रार्थनाघरात येणारे सगळे जण वहाणा पायरीपाशी काढतात. दाजीबा तेवढे फाटकाजवळ, कडुनिंबाखाली काढायचे. फाटकापासून दारापर्यंत मुरमाची वाट आहे आणि उन्हाळ्यात ती तव्यासारखी तापते. म्हातारपणी त्यांच्या टाचांना भेगा पडल्या होत्या. तरी ती वाट ते अनवाणीच चालत येत आणि दाराला लागून असलेल्या शेवटच्या बाकावर बसत. उपदेशक असून त्यांनी पुढची जागा कधी घेतली नाही.

मी या गावी मिशनच्या शाळेवर मास्तर म्हणून आलो, तेव्हा पहिल्याच रविवारी मी त्यांना याबद्दल विचारलं. मोठ्या दुष्काळात आईबाप गमावलेला आणि मिशनच्या आश्रमात वाढलेला मी. पुस्तकांखेरीज मला फारसं काही ठाऊक नव्हतं. मला वाटलं, हा काही नवस वगैरे असेल.

"नवस कायचा, मास्तर," ते म्हणाले. "पानमया होता आमचा. पानमयात वाहाना घालून कोनी जात नाई. वाहाना दूर काढा लागते. पायाले सवय पडली, आता पाय आइकत नाई."

एवढं बोलून ते हसले. दाजीबांचं हसणं मोठं नसे. दिवसभर चालून आलेला माणूस ओट्यावर बसताना सुस्कारा टाकतो, तसं ते असे.

पानमळा म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नागवेलीच्या पानांचा मळा बाहेरून दिसत नाही. चहूबाजूंनी गवताचा, तुराट्यांचा आडोसा असतो, आत शेवरीच्या झाडांवर वेल चढवलेले असतात, आणि आत जायला एकच वाट. त्या वाटेवर बांबूची ताटी. आत पाऊल टाकलं की भर वैशाखात ओलसर सावली अंगावर येते. वेल फार नाजूक. म्हणून पानमळेवाल्यांचे नियम कडक असतात: आंघोळ केल्याशिवाय आत जायचं नाही, वहाणा घालून जायचं नाही, बाईनं अडचणीच्या दिवसांत ताटीच्या जवळही यायचं नाही. विटाळ आत गेला की वेलाला मर लागते, असं ते पिढ्यान्‌पिढ्या मानत आलेले. आणि एकदा मर लागली की मग विटाळ कोणी आणला याचा शोध सुरू होतो.

दाजीबांचं घराणं अशाच एका मळ्यावर जगलेलं. थोरले सखाराम, धाकटे दाजीबा. आईबाप गेल्यावर दोघांनी मिळून मळा सांभाळला. दाजीबांची बायको तरुणपणीच तापानं गेली, मूल नव्हतं. त्यानंतर काही वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो का घेतला, याचं उत्तर ते प्रत्येकाला एकच द्यायचे. मलाही तेच दिलं.

"रोज सकायी थंड्या पान्यानं आंग धुवून मी मयात जाओ, मास्तर. आंग साफ. पन एका वर्सी दादाशी माहं वाजलं होतं. दादा मरावा असं मनात ये माह्या. थे मन घेऊनच मी आत जाओ, अन वेल मजेत वाढे. एक पान पिवयं पडलं नाई. तवा मले भेव वाटलं. म्हनलं, मयाले आंग समजते, आतलं समजत नाई. मंग आतलं समजनारा कोनी हाये का? अन असला, तं माहं काय व्हईन?"

त्याच सुमारास आमच्या मिशनचा कोणी जुना उपदेशक बाजारात बोलत होता. माणसाच्या आत काय आहे ते ज्याला ठाऊक होतं आणि ज्याच्या स्वतःच्या आत काही वाईट नव्हतं, अशा एकाची गोष्ट तो सांगत होता. दाजीबा ऐकत उभे राहिले. "पानाची पाटी डोक्यावर तशीच," असं ते सांगताना नेहमी म्हणत.

बाप्तिस्म्यानंतर मळा त्यांना बंद झाला. सखारामनं भांडण केलं नाही, मारहाण केली नाही. एवढंच म्हणाला, "आत येऊ नोको." दाजीबांनी ते मानलं. मिशननं त्यांना प्रार्थनाघराच्याच कंपाउंडात एक खोली आणि उपदेशकाचं काम दिलं. पण रोज दिवस कलला की ते मळ्याकडे जात, वहाणा दूर काढत आणि ताटीच्या बाहेर उकिडवे बसत. आत सखाराम येऊन बसे. मध्ये ताटी. दोघं पावसापाण्याचं बोलत, गुरांचं बोलत, गावातल्या लग्नांचं बोलत. उठताना सखाराम ताटीच्या फटीतून दोन पानं बाहेर सरकवी. ती घेऊन दाजीबा परत येत आणि कडुनिंबाखाली बसून सावकाश चघळत. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी बरंच काही सोडलं, पान सोडलं नाही. प्रार्थनाघराचे धर्मगुरू, म्हणजे आमचे पाळकसाहेब, यांना ते आवडत नसे. "साहेब, हे पान नाई, हा माहा भाऊ हाये," असं दाजीबा म्हणाल्यावर त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

मी आणि दाजीबा अनेक वर्षं बाजारांना हिंडलो. सुट्टीच्या दिवशी मानोऱ्याचा बाजार, कधी इंझोरी, आणि जत्रेच्या दिवसांत पोहरादेवी. मी पुस्तिका वाटायचो, बोलायचे दाजीबा. ऐकणारे थोडे, थट्टा करणारे जास्त. काळ्या मातीच्या वाटा, पायाला चिकटणारा चिखल नाहीतर डोळ्यांत जाणारी धूळ. इतक्या वर्षांत आमच्या बोलण्यानं किती जण आले, हे मी कधी मनाशी मांडलं नाही आणि दाजीबांनी विचारलं नाही. थकून परतताना मी गप्प असलो की ते म्हणत, "चाला मास्तर. आपन थकतो, कुंदा थकत नाई."

कुंदा म्हणजे आमच्या काळ्या वावरांतलं गवत. वरून कापलं तर आठवड्यात परत उगवतं. मुळं इतकी खोल की खणणारा कमरेपर्यंत खड्ड्यात उतरतो आणि तरी एखादी गाठ खाली राहतेच. दाजीबांचा पापाविषयीचा सगळा उपदेश या कुंद्यात होता. मी आश्रमात मोठमोठे विवेचनग्रंथ वाचले होते; मनुष्याचा स्वभाव पतित कसा, यावर परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती. दाजीबा बाजारात वाकून मूठभर माती उचलत आणि विचारत, "कोन म्हन्ते माह्या वावरात कुंदा नाई? त्यानं खनून दाखवा." कोणी पुढे येत नसे.

मानोऱ्याच्या बाजारात एकदा एका बैलांच्या दलालानं त्यांना गाठलं. माणूस तोंडाळ होता आणि भोवती घोळका जमला होता.

"का हो दाजीबा, तुमचा येशू मानूस होता न?"

"होता."

"भूक लागे त्याले?"

"लागे."

"राग ये?"

"ये."

"मंग झालं! भूक हाये, राग हाये, म्हनजे पाप बी असनच. मानूस म्हन्ला की थे आलंच. तुमी काहून खोटं सांगून राह्यले गरिबायले?"

लोक हसले. दाजीबाही हसले. मग म्हणाले, "भाऊ, भूक लागनं पाप नाई. दुसऱ्याच्या ताटातली भाकर वढनं पाप. तुले भूक लागली तं तू काय करतं थे तुले मालूम, मले मालूम. त्याले लय भूक लागली होती रानात, अन दगडाच्या भाकरी कराची ताकत बी होती. त्यानं केल्या नाई."

"अन तुमच्यात हाये का पाप?"

"माह्यात? लेका, माहं तं वावरच कुंद्याचं हाये. मी कायले तुह्यापुढं उभा राह्यलो असतो नाईतं? मी चांगला हावो म्हनून नाई सांगत मी. एकच साफ वावर पाह्यलं, त्याचं सांगून राह्यलो."

दलाल म्हणाला, "मानूस बाकी कबूल करनारा हाये," आणि त्यानं आम्हाला चहा पाजला.

मला वाटतं, दाजीबांचं आयुष्य असंच, चालत आणि पान चघळत, संपलं असतं. पण एका पावसाळ्यात पाऊस थांबेचना. मळ्यात पाणी साचलं आणि सखारामच्या वेलांना मर लागली. आधी खालची पानं पिवळी पडली, मग वेलच्या वेल शेवरीवरून काळे होऊन लोंबू लागले. पाण्यानं मुळं कुजली, हे मला दिसत होतं. पण ज्यांचं सगळं त्या वेलांवर होतं, त्यांना पाणी हे उत्तर पुरत नव्हतं. पाऊस तर सगळ्यांच्याच मळ्यांवर पडला होता. मग याच मळ्याला का?

जातीच्या चार थोरांची बैठक मारुतीच्या पारावर बसली. सखारामच्या सुनेवर, यमुनेवर, बोट आलं. तिला पहिली मुलगी झालेली, ती अजून अंगावर पीत होती. यमुना विटाळाच्या दिवसांत ताटीपर्यंत गेली होती, असं शेजारच्या कोणी सांगितलं. ती नाही म्हणत होती. तिचं कोण ऐकणार? बैठकीचं म्हणणं पडलं की तिला घरातून काढावं, नाहीतर या घराशी पानाचा व्यवहार बंद. यमुनेला माहेर नव्हतं. आईबाप मेलेले, सावत्र भावानं लग्नानंतर तोंड दाखवलं नव्हतं. काढायचं म्हणजे रस्त्यावर काढायचं.

दाजीबा पारापासून लांब, वहाणा हातात घेऊन उभे होते. त्यांना बैठकीत बसायचा अधिकार नव्हता. मी शाळेतून परतताना गर्दी पाहून थांबलो होतो, म्हणून पुढचं मी स्वतः ऐकलं.

सखाराम मान खाली घालून बसला होता. थोरांपैकी एकानं विचारलं, "बोल सखाराम, पोरीले कवा धाडतं?"

तेवढ्यात दाजीबा पुढे झाले. "तिले काहून धाडता? मी गेलतो मयात."

थोरांपैकी एक पारावरून उठून उभा राहिला.

"कवा?"

"पावसात. दादा घरी जेवाले गेलता तवा. आंघोय नाई, काई नाई. जुन्या सवयीनं गेलो. वेलाले हात लावला."

"बाटगा होऊन आत गेला तू?" थोर ओरडले. "तुले माहीत नवतं?"

"माहीत होतं."

कोणी दगड उचलला, कोणी त्याचा हात धरला. शेवटी ठरलं की दाजीबांनी मळ्याच्या वाटेवर पाऊल टाकायचं नाही आणि सखारामनं त्यांच्याशी एक शब्द बोलायचा नाही. बोलला तर तोही बाहेर. सखारामनं वर पाहिलंच नाही. "बरं," एवढंच म्हणाला. यमुना घरी राहिली.

त्या संध्याकाळी दाजीबा कडुनिंबाखाली बसले होते. तोंडात पान नव्हतं. मी जवळ बसलो.

आमची मंडळी लहान, आणि पाळकसाहेब हुशार. खरं काय ते त्यांनी ओळखलं. पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाच्या दिवशी, म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला सगळ्यांनी वाटून घ्यायच्या दिवशी, त्यांनी उपदेश केला. नाव घेतलं नाही, पण म्हणाले, आपल्यातल्या एकानं ख्रिस्ताप्रमाणे, स्वतः निर्दोष असून, दुसऱ्याचा दोष आपल्यावर घेतला. सगळ्यांच्या माना शेवटच्या बाकाकडे वळल्या. बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

मग भाकर आणि प्याला फिरू लागला. आमच्याकडे वाशीमहून आणलेल्या मनुका भिजवून त्यांचा रस करतात. त्या दिवशी तो माझ्या बायकोनं केला होता. प्याला दाजीबांच्या हातात आला. त्यांनी तो क्षणभर धरला, न पिता शेजाऱ्याकडे दिला आणि उठून बाहेर गेले.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी इंझोरीच्या वाटेवर ते स्वतःहून बोलले.

"निर्दोष म्हन्ले मले. मास्तर, मी खोटं बोललो. चार लोकात, भावाच्या तोंडावर. मयात गेलोच नाई मी."

"ते पोरीला वाचवण्यासाठी होतं."

"मंग? खोटं थे खोटंच. मले पस्तावा नाई, हेच वाईट हाये. पुन्हा येळ आली तं पुन्हा तसंच बोलीन. असा हावो मी." त्यांनी वाटेतला खडा पायानं बाजूला केला. "अन त्याच्याशी जोडून देले मले! त्याच्या तोंडात कपट नवतं, मास्तर. एक शब्द नाई."

मी म्हणालो, "म्हणून प्याला सोडायचा? प्याला तर पाप्यांसाठीच आहे. शुद्ध माणसाला त्याची गरजच काय?"

"मालूम हाये मले. मीच शिकवतो थे." त्यांनी खांद्यावरची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "पन लिहलं हाये, भावाचं तुह्याबद्दल काही असन तं आधी भावाकडं जा. दादाले खरं सांगा लागते. सांगतलं तं दादा पोरीले कसा ठेवीन? नाई सांगतलं तं माहा पस्तावा तोंडातल्या तोंडात. मी कोन्या तोंडानं पिऊ?"

मी वाचलेल्या ग्रंथांत याचं उत्तर होतं, पण ते तिथं उघड्या रस्त्यावर आणून ठेवावं असं वाटलं नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षं दर वेळी प्याला त्यांच्या हातातून तसाच पुढे गेला. पाळकसाहेबांनी समजावलं, रागावले, मग थकून गप्प झाले. दाजीबा बाजारात बोलत राहिले. उलट आता ते अधिक हळू आणि अधिक नीट बोलत. प्रभूविषयी बोलताना कुंद्याचं उदाहरण ते पूर्वीइतकं देत नसत. म्हणत, "मी चांगलं कराले गेलो तं माह्यापाशी सामान खोटंच निघालं. त्याच्यापाशी बाकी खोटं सामानच नवतं." लोकांना ते कळत नसे. मला कळे, आणि ऐकवत नसे.

सखाराम वाटेत दिसला तर तोंड फिरवून जाई. मळा पुन्हा लावला होता, वेल पुन्हा चढले होते. यमुनेला पुढे दोन मुलगे झाले. ती डोक्यावर पानांची पाटी घेऊन आमच्या फाटकावरून बाजाराला जाई. दाजीबा कडुनिंबाखाली असले तर पदर पुढे ओढून क्षणभर थांबे आणि पुढे जाई. दाजीबा तिच्याकडे बघत नसत. ती गेल्यावर म्हणत, "चाल कशी हाये पाहा. घरच्या बाईची चाल हाये."

मग त्यांना दम लागू लागला. पावलांना सूज आली. आधी मानोरा सुटलं, मग गावातला बाजार सुटला, शेवटी कडुनिंबही सुटला आणि ते खाटेवर पडले. एके दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावून सांगितलं, "दादाले आना. त्या बैठकीतले म्हातारे गेले आता. पोरीले कोनी काढत नाई. मले सांगाचं हाये."

"तो येईल का?"

"तुमी सांगा. आला तं आला."

मी मळ्यावर गेलो. वहाणा लांब काढल्या आणि ताटीबाहेर उभा राहून हाक मारली. सखाराम आला. माझ्याहून बराच म्हातारा, पाठीत वाकलेला. मी सांगितलं. तो वळून आत गेला. मला वाटलं, संपलं. पण तो पानांची एक जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून परत आला आणि माझ्या पुढे चालू लागला.

फाटकापाशी कडुनिंबाखाली त्यानं वहाणा काढल्या. दाजीबांच्या खोलीत तो आला नाही. उंबऱ्याबाहेर बसला. खाट दाराशीच होती. मी आत एका कोपऱ्यात होतो.

दाजीबांनी मान वळवली. "दादा, मी खोटं बोललो. मी मयात गेलोच नवतो."

सखाराम फडकं सोडत होता. त्यानं ते सोडलं, पानं पुसली, आणि मग म्हणाला, "मालूम हाये मले."

"कवापासून?"

"तवापासूनच. त्या पावसाळ्यात मी ताटीले खाट लावून निजे. जेवन बी थितंच ये माहं. तू जाशीन कोठून? माह्या अंगावरून?"

दाजीबा उठून बसायला लागले, त्यांना जमलं नाही. "मंग पारावर बोलला काहून नाई?"

"बोललो असतो तं पोरीले काढा लागलं असतं. तू खोटं बोलला, मी खालती पाह्यलं. कोनाचं जास्ती, थे तुह्या देवाले इचार."

"अन इतकी वर्सं तोंड फिरवून गेला थे?"

"लोक पाहून राह्यले होते न, दाज्या." सखारामनं एक पान उचलून त्याच्या शिरा काढायला घेतल्या. "मी बोललो असतो तं लोकायले समजलं असतं, याले राग नाई. राग नाई म्हनजे तू गेलाच नाई. मंग कोन गेलं?"

बाहेर कुंपणावर चिमण्या भांडत होत्या. मग दाजीबा हसू लागले. तेच हसणं, सुस्काऱ्यासारखं, पण थांबेना. डोळ्यांतून पाणी येऊन कानांत जात होतं.

"दोघं बी सारखेच," ते म्हणाले. "एक बी साफ नाई."

"साफ कोन असते बावा."

"एक होता."

सखारामनं पानाच्या शिरा काढत विचारलं, "तोच का, ज्याचं तू सांगत फिरे?"

"तोच."

"इतकी वर्सं साऱ्या मुलखाले सांगतलं. माह्यापाशी कवा बोलला नाई. सांग आता, मी आइकतो."

दाजीबांनी दम घेतला. मी त्यांचे शेकडो उपदेश ऐकले असतील. त्यांचा हा शेवटचा.

"मी पोरीले खोटं बोलून वाचोलं, दादा. माह्यापाशी तेवढंच होतं. त्याले चार लोकात उभा केला अन इचारलं, तू कोन? थो खोटं बोलला असता तं सुटला असता. त्यानं खरं सांगतलं, अन खरं सांगून मेला. माह्यासारख्यायसाठी मेला. मले मार बसला असता तं माहाच होता थो. कोन्या ना कोन्या पापाचा. त्याचा एक बी नवता."

सखारामनं पान दुमडलं. "असा मानूस आला असता तं आमी ताटीच्या आत घेतला असता."

"नाई घेतलं त्याले कोनी. गावाच्या बाहेरच नेलं. बाहेरच मारलं."

"बाहेर?"

"बाहेर."

सखारामनं पान उंबऱ्यावरून पुढे केलं. दाजीबांना चावता येत नव्हतं. त्यांनी ते नुसतंच गालाशी धरून ठेवलं. जरा वेळानं माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, साहेबायले सांगा, प्याला आना."

पाळकसाहेब आले. मनुका घरात होत्या. माझ्या बायकोनं रस केला. घाईत केल्यामुळे तो पाणचट झाला होता. दाजीबांनी दोन घोट घेतले, तिसरा गळ्यावरून ओघळला. पाळकसाहेबांनी तो पुसला आणि काही वचनं म्हटली. सखाराम उंबऱ्याबाहेर बसून सगळं बघत होता. त्यानं विचारलं, "झालं का आता याचं?"

"झालं," दाजीबा म्हणाले. "मी साफ नाई झालो, दादा. पन झालं."

तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

त्यांना कंपाउंडाच्या मागच्या जागेत पुरलं. आमची मंडळी होती तेवढी आली. यमुना आली. ती कोणालाही न विचारता आत आली आणि पाटीतली पानं तिनं कबरेत टाकली. सासऱ्याला आमच्याकडे मामाजी म्हणतात; "धाकले मामाजी" एवढंच तिच्या तोंडून निघालं. आता त्या घरात तिचाच शब्द चालतो. सखारामही पुढे काही वर्षांनी वारले. हे मी यमुनाबाईंना विचारूनच लिहितो आहे, त्या म्हणाल्या, "लिहा मास्तर, लोकायले कयू द्या."

मी म्हातारा झालो. शाळा सुटली, बाजार सुटले. पूर्वी वाचलेलं पुष्कळसं आता आठवत नाही, आणि जे आठवतं त्यातलं किती माझं आणि किती ग्रंथांचं ते नीट सांगता येत नाही. पण दाजीबांना पुरल्यानंतरचा रविवार आठवतो. उपासना सुरू झाली होती. शेवटच्या बाकावरची दाराजवळची जागा रिकामी होती. माझं लक्ष बाहेर गेलं. कडुनिंबाखाली वहाणांचा एक जोड होता आणि सखाराम पायरीच्या खाली, दाराच्या एका अंगाला उकिडवे बसले होते.

मी उठून बाहेर गेलो आणि म्हणालो, "आत या. जागा आहे."

त्यांनी मान हलवली. "नाई मास्तर. मी इथंच बरा. बाहेर बसून बी बोलता येते, आमाले मालूम हाये थे."

मी परत आत आलो. माझ्या जागेवर न जाता शेवटच्या बाकावर, दाराला लागून बसलो.